कोळशाची अख्खी गाडी एका चौकटीत

मालगाड्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद आहे असे सांगितले की लोक आधी कॅमेरा कोणता, लेन्स किती मिलिमीटरची, हेच विचारतात. माझ्या अनुभवात तो प्रश्न सर्वांत शेवटी येतो. खरा प्रश्न असतो तो उभे कुठे राहायचे हा, आणि नाशिक परिसरात त्याचे उत्तर मिळवायला मला एक पूर्ण हिवाळा लागला.

मला हवे होते एकच चित्र: एकलहरे औष्णिक वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची भरलेली गाडी, इंजिनापासून ब्रेक व्हॅनपर्यंत, म्हणजे शेवटच्या गार्डच्या डब्यापर्यंत संपूर्ण, एका चौकटीत. उघड्या वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, अशा गाडीला साधारण 58 वाघिणी असतात आणि इंजिन धरून तिची लांबी साडेसहाशे मीटरच्या आसपास जाते. सरळ मार्गावर समोरून टिपली तर इंजिन ठसठशीत येते, पण मागच्या वाघिणी एकमेकींच्या आड लपतात. जवळून, बाजूने टिपावी तर चौकटीत जेमतेम पाच-सहा मावतात. त्यामुळे मार्गाला वळण हवे, त्या वळणाच्या आतल्या बाजूला मोकळे शिवार हवे, आणि सूर्यही त्याच बाजूला हवा.

कुठे उभे राहायचे नाही, हे आधी ठरवले. नाशिकरोडच्या परिसरात भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय आहे, देवळालीत तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. अशा ठिकाणी गळ्यात मोठी लेन्स अडकवून रेंगाळण्यात काही शहाणपण नाही. लष्करी सामान नेणाऱ्या विशेष गाड्या समोरून गेल्या तरी कॅमेरा खालीच ठेवायचा, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे. दुसरा नियम रेल्वेच्या हद्दीचा. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समाजमाध्यमांवर रुळांत बसून काढलेली चित्रे कौतुकाने फिरत असतात; मला त्यांत धाडसही दिसत नाही आणि छायाचित्रणही. उड्डाणपुलावरून चित्र घेताना खाली 25 हजार व्होल्टची तार आहे, हे लक्षात ठेवून ट्रायपॉड किंवा काठी कठड्याबाहेर काढायची नाही, एवढे त्यात जोडतो.

त्यानंतर आला सूर्य, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ओढा ते निफाड या पट्ट्यात लोहमार्ग ढोबळमानाने पूर्व-ईशान्येकडे जातो. कोळसा बहुतेक विदर्भाकडून, म्हणजे मनमाडच्या बाजूने येतो आणि रिकाम्या वाघिणी त्याच वाटेने परत जातात. म्हणजेच भरल्या गाडीचे तोंड मावळतीकडे आणि रिकाम्या गाडीचे उगवतीकडे असते. भरली गाडी दुपारनंतर आली तरच इंजिनाच्या तोंडावर ऊन पडते, सकाळी आली तर चेहरा काळाच राहतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर मार्गाच्या दक्षिणेला राहत असल्याने जागाही दक्षिणेलाच हवी. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे मुंबईकडे तोंड असलेली भरली गाडी नेमकी दक्षिणेच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या रुळावरून येते आणि समोरून दुसरी गाडी आली तरी ती आपली गाडी झाकत नाही. रिकाम्या गाडीच्या नशिबी हे सुख नाही. उन्हाळ्यात मात्र हे गणित फिरते: नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि संध्याकाळचे ऊन तर स्पष्टपणे उत्तरेच्या बाजूने येते.

नकाशावर वळणे हेरून ठेवली आणि एकेका ठिकाणी जाऊन पाहिले, तेव्हा लक्षात आले की नकाशा पीक दाखवत नाही. या भागात मार्गालगत द्राक्षांचे मांडव, ऊस आणि मका. यांतले काहीही मध्ये असले की वाघिणीचा वरचा काठ तेवढा दिसतो. कांदा, गहू किंवा हरभरा असेल तरच चाकापासून वरच्या काठापर्यंत गाडी दिसते. शेवटी एका वळणाच्या आतल्या बाजूला रांगडा कांदा आणि त्याच्या मागे थोडा उंच बांध, अशी जागा सापडली. बांध अर्थातच कुणाचा तरी होता.

मालक वयाने मोठे होते. मी नमस्कार केला, तेव्हा त्यांची नजर कॅमेऱ्याच्या पिशवीवरून ट्रायपॉडवर गेली.

“मोजणीवाले का तुम्ही?”

हा प्रश्न का आला हे समजायला वेळ लागला नाही. सुरत-चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनाची चर्चा सुरू झाल्यापासून या जिल्ह्यात तिपाई घेऊन बांधावर उभा राहणारा माणूस कुणालाच आवडत नाही. मी आधी काढलेली काही चित्रे दाखवली आणि म्हणालो, “नाही तात्या, मालगाडीचा फोटो काढायचाय. कोळशाच्या.”

“कोळशाच्या? अहो, कोळसा आमच्या बांधावरून जातो आणि आम्हाला लाइट मिळती रात्रीची. त्याचा काढा फोटो.”

हसत हसत त्यांनी परवानगी दिली, पण अटींसकट. वाफ्यांतून चालायचे नाही, बांधानेच यायचे. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी असेल त्या दिवशी यायचे नाही. आणि कुत्रे मोकळे असते म्हणून आधी फोन करायचा. त्या सगळ्या अटी मी वहीत लिहून घेतल्या, त्यामुळे माझ्याबद्दल त्यांचे मत थोडे बरे झाले असावे.

यानंतर उरले ते वाट पाहणे. प्रवासी गाडी कुठे पोहोचली हे मोबाइलवर कळते, मालगाडीचे तसे नाही. तिला सर्वसामान्य प्रवाशाला माहीत असलेले वेळापत्रक नसते. एक्स्प्रेस गाड्यांना वाट देण्यासाठी तिला एखाद्या स्थानकाच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे केले जाते आणि मोकळीक मिळताच सोडले जाते. म्हणून मी उलट्या बाजूने हिशेब मांडू लागलो: मुंबईकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्यांमध्ये दुपारी कुठे मोठी फट आहे, ते पाहायचे आणि त्या वेळेला बांधावर हजर राहायचे. तरीही पुष्कळदा कंटेनरच्या गाड्या, मनमाडजवळच्या पाणेवाडीच्या इंधन डेपोतून निघालेले तेलाचे टँकर, वाहने वाहून नेण्यासाठी खिडक्या बंद करून रूपांतरित केलेले जुने प्रवासी डबे, असे सगळे येऊन जाई आणि कोळसा अंधार पडल्यावर येई. रुळांची तपासणी करत जाणाऱ्या की-मॅनने एकदा लांबूनच हातोडा उंचावून विचारले, “साहेब, तारेच्या इकडे येणार नाही ना?” मी बांधावरून हलत नाही असे सांगितल्यावर तो पुढे गेला, आणि नंतर कधी दिसलाच तर हात करू लागला.

जानेवारीतल्या एका स्वच्छ दुपारी, ऊन तिरपे होत असताना, ती आली. पुढे डब्ल्यूएजी-9 जातीचे इंजिन. भरली गाडी ओळखायला कोळसा दिसावा लागत नाही. रिकाम्या वाघिणी खडखडतात, भरलेल्यांचा आवाज जड आणि सलग असतो, आणि चाकांवरच्या स्प्रिंगा दबलेल्या दिसतात. कोळशाच्या ढिगांवर चुन्याच्या पाण्याचे पांढरे पट्टे होते. वाटेत कुणी कोळसा काढला तर पट्टा तुटतो आणि चोरी लक्षात येते, यासाठी ते मारलेले असतात. अडचण होती ती विजेच्या तारांच्या खांबांची. सरळ मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त 72 मीटर अंतर असते, वळणावर त्याहून कमी. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या थेट गाडीवर पडतात. इंजिनाचे तोंड दोन सावल्यांच्या मध्ये आणि ब्रेक व्हॅन वळणाच्या टोकाला, असा क्षण एकच होता, आणि तो कुठे येतो हे आधीच्या गाड्यांवर ताडून मी बांधावर एक दगड ठेवून उभे राहण्याची जागा पक्की केली होती.

कॅमेऱ्याचे सांगायचे तर, ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास सरकते, आणि इतक्या अंतरावरून ते चित्रात जाणवत नाही. शटर तेवढेच ठेवले, फोकस आधीच हाताने बांधून ठेवला होता, बाकी काही केले नाही. घरी आल्यावर चित्र मोठे करून पाहिले तर ब्रेक व्हॅनच्या दारात उभे असलेले गार्ड, म्हणजे 2022 पासूनचे ट्रेन मॅनेजर, हिरवी झेंडी धरलेले दिसतात. जवळच्या वाघिणींचे अकरा आकडी क्रमांकही वाचता येतात. त्यांतले पाचवा आणि सहावा हे आकडे बांधणीचे वर्ष सांगतात, आणि एकाच गाडीत दहा-दहा वर्षांच्या अंतराने बनलेल्या वाघिणी शेजारी शेजारी जोडलेल्या आढळतात. हा तपशील मी आता प्रत्येक चित्रासोबत नोंदवून ठेवतो.

कांदा निघाल्यावर तात्यांनी त्या तुकड्यात ऊस लावला, म्हणून तो तुटेपर्यंत ती जागा बंद आहे. रिकाम्या गाडीसाठी सकाळची जागा अजून मिळालेली नाही. सध्या उत्तरेच्या बाजूला, जूनमधल्या पावसाआधीच्या संध्याकाळींसाठी एक वळण पाहून ठेवले आहे. तिथे मालकांची हरकत नाही, पण मधे बाभळी आहेत आणि त्यांच्या फांद्यांतून गाडीचा नेमका कोणता भाग दिसेल, हे मला अजून एखादी गाडी जाताना पाहायचे आहे.