थिबा राजवाड्यात घेतलेला तास

भारत-म्यानमार संबंध हा विषय रत्नागिरीत चार भिंतींच्या वर्गात शिकवणं मला पटत नाही. यंदा तृतीय वर्षाच्या मुलांना घेऊन थेट थिबा राजवाड्यात गेलो.

ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, एवढं इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. राज्य का गेलं, ते सहसा कोणी विचारत नाही. १८७९ मध्ये मंडालेत राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली. इंग्रजांनी निषेध नोंदवला आणि सहा वर्षं गप्प राहिले. १८८५ मध्ये थिबाची फ्रान्सशी जवळीक वाढली, सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा कंपनीला त्याच्या दरबाराने जबर दंड ठोठावला, आणि फौजा निघाल्या. तेव्हा थिबाच्या क्रौर्याची चर्चा जोरात सुरू झाली.

मिरकरवाड्याची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे माणुसकी हे नुसतं निमित्त. मग आपला देश गप्प बसला तर बिघडलं कुठे?"

प्रश्न बिनतोड होता. जून २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करी उठावाविरुद्धच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांत ११९ देशांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला. सोळाशे किलोमीटरची सीमा, पलीकडे दडणारे ईशान्येतले बंडखोर, म्यानमारमध्ये भारताने उभारलेलं सित्वे बंदर, चीनचा वाढता वावर, ही कारणं खरी आहेत. ती तटस्थता मला बोचते, तरी समजते.

समजत नाही ते त्याच वर्षीच्या मार्चमधलं केंद्राचं पत्र. म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेल्यांना परत पाठवा, असं ईशान्येतल्या राज्यांना कळवलं होतं. मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की ही आमच्या रक्ताची माणसं आहेत, आम्ही परत पाठवणार नाही. मिझोरमने त्यांना ठेवून घेतलं. हे सांगताना माझा आवाज चढला होता.

"पण सर, निर्वासितांच्या १९५१च्या करारावर भारताची सहीच नाही ना?" मागून एकाने विचारलं. सही नाही, खरं आहे. पण घटनेचं कलम २१ परदेशी माणसाच्या जिवालाही संरक्षण देतं. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने त्याच आधारावर म्यानमारच्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्लीतल्या कार्यालयापर्यंत जाऊ दिलं. त्यामुळे म्यानमारच्या लष्कराने काही दिल्लीशी बोलणं तोडलं नाही.