कारपेट टाळलं, आधी पाणी वळवलं : सोसायटीच्या रस्त्याचा माझा अनुभव

आमच्या सोसायटीचे आतले रस्ते महापालिकेकडे हस्तांतरित झालेले नाहीत, त्यामुळे त्यांची डागडुजी मेंटेनन्सच्या पैशांतूनच करावी लागते. गेल्या पावसाळ्यात खड्डे वाढले आणि सचिव म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या ठेकेदाराने अख्ख्या रस्त्यावर नवं कारपेट, म्हणजे डांबराचा नवा थर, टाकायचं कोटेशन दिलं. ते मला पटेना, कारण खड्डे ठरावीक जागीच पडत होते.

भर पावसात छत्री घेऊन रस्ता पायी पाहिला, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. एका इमारतीच्या गच्चीचा पाइप थेट रस्त्यावर सुटत होता, बागेचं पाणी कडेला साचत होतं, गटाराच्या जाळ्या मातीने बुजल्या होत्या. बहुतेक खड्डे याच जागांच्या आसपास. भेगेतून पाणी आत उतरलं की खालची खडी सैल होते, आणि मग वरून चाक गेलं की डांबराचा थर खचतो. म्हणून पहिला खर्च प्लंबरवर केला. पाइप गटारात वळवला, जाळ्या उपसून घेतल्या.

पावसाळ्यात गरम डांबर नीट बसत नाही. म्हणून पावसाळा सरेपर्यंत मोठे खड्डे कोल्डमिक्सच्या (न तापवता वापरायच्या डांबर-खडीच्या मिश्रणाच्या) तयार पिशव्यांनी भरले. दीड फूट लांब-रुंद आणि दोन इंच खोल खड्ड्याला २५ किलोची साधारण एक पिशवी लागते. किलोमागे ती महाग पडते, पण दुचाकीवरून कोणी पडण्यापेक्षा तो खर्च परवडला.

खरं काम दिवाळीनंतर केलं. थोड्याशा मालासाठी, म्हणजे गरम डांबर-खडीच्या मिश्रणासाठी, प्लांटवाला डंपर पाठवायला तयार होईना, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलून एकच डंपर तिघांत वाटून घेतला. रोलरचं भाडंही वाटलं गेलं.

खड्ड्यांच्या कडा कापायच्या म्हटल्यावर मुकादम म्हणाले, “ताई, एवढ्याशा खड्ड्याला कापायचं कशाला? डांबर ओततो, वरून खडी दाबतो.” मी म्हटलं, “मामा, गेल्या वर्षी तसंच केलं होतं ना? पहिल्या पावसात निघालं.” मग त्यांनी स्वतःच खडूने चौकोन आखले. चांगला, घट्ट रस्ता लागेपर्यंत कापायचं आणि कडा सरळ उभ्या ठेवायच्या. निमुळत्या कडेवरचा पातळ थर चाकाखाली उखडतो. तळाची सैल खडी काढली, जिथे खाली चिखल लागला तिथे नवी खडी भरून धुमसाने ठोकली, धूळ ब्लोअरने उडवली. मग तळाला आणि कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात. ते तपकिरी असतं, त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. तोवर माल टाकायचा नाही, आणि इथेच घाई होते. मी तिथे उभी राहिले.

माल आला तेव्हा थर्मामीटर लावायला सांगितला. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवा आणि दाबाई ९० अंशांच्या खाली जायच्या आत संपायला हवी, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत आहे. डंपरवर ताडपत्री होती म्हणून आमचा माल तापलेला आला. खोल खड्डे दोन थरांत भरले, प्रत्येक थर वेगळा दाबला. तिन्ही सोसायट्यांचे खड्डे एका दिवसात उरकले आणि आमच्या वाट्याचा खर्च कारपेटच्या कोटेशनच्या पाव हिश्शाहूनही कमी आला.

या मे महिन्यात भेगा बुजवायला घेतल्या. सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त वाचतं ते याच कामात, असं माझं ठाम मत आहे. केसासारख्या बारीक भेगांवर पातळ इमल्शन, रुंद भेगा साफ करून त्यांत इमल्शन आणि वर बारीक कच. पण मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर खालचा पाया गेलेला असतो. तिथे वरून कितीही डांबर ओतलं तरी वाया जातं. तेवढा तुकडा खणूनच काढावा लागतो.

गेटजवळ अशीच जाळी आहे. तिथे पाण्याचे टँकर वळतात आणि खालून पाण्याची लाइन झिरपते. प्लंबर ती लाइन बदलेपर्यंत तिथे कोल्डमिक्सवर भागवतोय, पक्का तुकडा त्यानंतरच खणणार आहोत.