अंकल, थोडा साइड हो जाओ

"अंकल, थोडा साइड हो जाओ, फ्रेम में आ रहे हो." मी मुकाट्याने बाजूला झालो. मग तो मागे वळून मोटरसायकलवाल्या मित्राला ओरडला, "अरे, परत ये ना! पाणी नीट उडालं नाही." नंबरप्लेट पाहिली. एमएच १२. आपण मराठी आहोत हे सांगायची इच्छाच मेली.

ठिकाण हिमाचलमधलं किन्नौर, नाको गावाच्या पुढचा मलिंग नाला. रेकाँग पिओहून स्पितीतल्या काझ्याला जाणाऱ्या सरकारी बसने आलो होतो. अंतर दोनशेएक किलोमीटर, त्याला अख्खा दिवस. खाबला सतलज सुटते आणि रस्ता वळणं घेत वर चढतो, तिथे खिडकीतल्या माणसाने खाली बघू नये. मी बघितलं. नाल्यावर दरड आलेली, जेसीबी पलीकडे. मोटरसायकल निघेल एवढीच वाट मोकळी.

त्या पाच मोटरसायकलवाल्यांनी तोच नाला तीनदा ओलांडला, मग "काझ्यात भेटू" म्हणत निघूनही गेले. त्यांची सामानाची बोलेरो मात्र आमच्यासोबत अडकली, मेकॅनिकसकट. मंडीचा पोरगा. बसमधल्या एका आजीने ओच्यातून मटाराच्या शेंगा काढून सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. स्पितीचा मटार इतका गोड असतो की साल चावून चोथा थुंकावा. आजी मात्र सोलायच्या आधी प्रत्येक शेंग कानाशी नेऊन दाबत होती. का, ते विचारलं. हसली फक्त. चार तास गेले. ड्रायव्हर चाकाला दगड लावून सावलीत घोरत होता.

या मोटरसायकलच्या वेडाचं खापर मी 'लाँग वे राउंड' या टीव्ही मालिकेवर फोडतो. २००४ साली युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट मोटरसायकलवर लंडनहून पूर्वेकडे निघाले ते ११५ दिवसांनी न्यूयॉर्कला पोचले, तीसएक हजार किलोमीटर. पुढे २००७ मध्ये 'लाँग वे डाउन': स्कॉटलंडच्या टोकापासून केप टाउन, ८५ दिवसांत सुमारे चोवीस हजार. भागाकार केला तर रोजचे दोनशे ऐंशी, त्यात सीमेवरचे शिक्केही आले. गंमत म्हणजे पहिल्या मालिकेतलं मला लख्ख आठवतं ते वेळापत्रक कोलमडल्यावरचं. मंगोलियात कॅमेरामन क्लाउदिओच्या गाडीची चॅसी मोडली आणि त्याने तिथलीच एक लाल रशियन मोटरसायकल घेतली. तीही बंद पडायची, मग गावातले लोक जमायचे.

मी काही साधू नव्हे. ऐन पंचविशीत मनाली-लेह दोन दिवसांत मारलं होतं, आणि मित्रांना ते वर्षभर ऐकवलं. त्यातलं खरं आठवतं काय? सरचूला रात्रभर ठणकलेलं डोकं आणि पुढच्या गाडीचा टेललाइट.

मंडीच्या पोराला विचारलं, वाटेतल्या ताबोचं गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, कसं आहे रे? इ.स. ९९६ मधलं, आत मातीच्या मूर्ती आणि भिंतभर चित्रं, मी वाचून आलो होतो. म्हणाला, "बाहेरून पाहिलंय. या रूटवर सातवी फेरी. साहेब लोक थांबतच नाहीत."

संध्याकाळी वाट मोकळी झाली. ताबोला मी उतरलो, पाच दिवस राहिलो. मागून बोलेरो आली, त्याने हात केला, हॉर्न दिला आणि काझ्याकडे गेला.