पावसात आंबोली आणि फोंडा घाट: नव्या स्पोर्ट टूरिंग टायरवर

माझ्या कावासाकी निन्जा ६५० मोटरसायकलचा मागचा टायर मधोमध सपाट झाला होता. खाचा अजून शिल्लक होत्या, त्यामुळे कायद्याने टायर चालू होता. दुचाकीला आपल्याकडे ०.८ मिलिमीटर खोली पुरते. पण पुणे–बेंगलोर हायवेवर सरळ पळवून पळवून टायरची गोलाई गेली, की गाडी वळणात आधी झुकायलाच तयार होत नाही आणि मग त्या झिजलेल्या कडेवरून एकदम आत पडते. हायवेवर याचा पत्ता लागत नाही, घाटातल्या पहिल्या वळणालाच लागतो. त्यात बेत होता भर पावसात आंबोलीमार्गे गोव्याला जायचा आणि फोंडा घाटाने परत यायचा. म्हणून निघण्याआधी दोन्ही टायर बदलायचे ठरवलं. पुढचा बरा दिसत होता, पण नवा मागचा आणि अर्धा झिजलेला पुढचा अशी जोडी मला घाटात नको होती.

या गाडीला पुढे १२०/७० झेडआर १७ आणि मागे १६०/६० झेडआर १७ लागतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत उंची, शेवटचा रिमचे इंच. मापाच्या पुढे पुढच्यावर ५८डब्ल्यू आणि मागच्यावर ६९डब्ल्यू असं असतं. ५८ म्हणजे २३६ किलो भार, ६९ म्हणजे ३२५ किलो आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. खंबाटकीच्या चढाला २७० कोण गाठणार, पण यापेक्षा खालच्या अक्षराचा किंवा आकड्याचा टायर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. मागे पिशव्या, पिलियन म्हणजे मागे बसणारा माणूस आणि पूर्ण टाकी असली की भार कामाला येतो. दुसरी एक हौस म्हणजे मागे १८०चा टायर. साडेचार इंची रिमवर तो बसतो, पण कडा आवळल्या जाऊन त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. फोटोत रुबाबदार दिसते, एवढाच फायदा.

आता प्रकार. ट्रॅकच्या अंगाने बनवलेले मऊ टायर गरम झाले की अफाट पकड देतात, पण जुलैच्या पावसात ते गरम होतच नाहीत. मोठ्या ठोकळ्यांचे अ‍ॅडव्हेंचर टायर कच्च्या रस्त्याला ठीक. आपला नव्वद टक्के प्रवास डांबर आणि काँक्रीटवर. त्यासाठी स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या डांबरी प्रवासाचा टायर. त्याच्या रबरात सिलिका जास्त असते, त्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावर तो लवकर धरायला लागतो. मागच्या टायरात बहुतेक कंपन्या मधे टणक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर देतात. म्हणजे हायवेवर झिजणारा पट्टा टिकतो आणि वळणात मऊ रबर जमिनीला लागतं. माझी गरज नेमकी हीच होती.

नावं सगळ्यांना पाठ आहेत: मिशेलिन रोड ५ आणि रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झेलर रोडटेक ०१, ब्रिजस्टोन टी३२, डनलॉप रोडस्मार्ट ४, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४. यातला एकही टायर वाईट नाही. रोड ५ मधली एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या बारीक चिरा आत रुंद होत जातात, त्यामुळे टायर झिजला तरी पाणी बाहेर टाकायला जागा उरते. घोडं अडतं ते मिळण्यावर. २०२०च्या जूनमध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, शिवाय आयएसआय मार्क सक्तीचा. त्यामुळे हव्या त्या मापात, हवा तेव्हा, ताजा माल मिळेलच असं नाही.

पुण्यातल्या एका दुकानात आयात टायरची जोडी समोर आली. नाव मोठं, किंमत त्याहून मोठी. मी बॅटरी लावून साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची डॉट (DOT) ही अक्षरं शोधली. त्यापुढचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरवर ठीकठाक तारीख होती. मागचा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, तो फिरवून घेतला तर त्याच्यावर पाच वर्षांपूर्वीचं वर्ष.

"साहेब, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही," दुकानदार म्हणाला. "टायर म्हणजे काय मेथीची जुडी आहे का शिळी व्हायला?"

"मग याच पैशात या वर्षीचा द्या ना."

"तो ऑर्डर करावा लागेल. दोन-तीन महिने धरा."

टायर न वापरता ठेवला तरी रबर टणक होत जातं, आणि नेमकी ओल्या रस्त्यावरची पकडच आधी कमी होते. सावलीत नीट ठेवलेला दोन वर्षांपर्यंतचा माल मी घेईन. पाच वर्षांचा, तोही पूर्ण किमतीत, नाही. माझं मत आता पक्कं आहे: जुन्या तारखेच्या भारी टायरपेक्षा ताज्या तारखेचा, इथे सहज मिळणारा टायर बरा. मी टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड घेतला. याच वर्गातला, पोलादी पट्ट्याचा रेडियल, आपल्याकडेच बनणारा, आणि दोन्ही टायर त्याच वर्षातले मिळाले. तुमच्या गावात दुसऱ्या कंपनीचा ताजा माल मिळत असेल तर तो घ्या, त्यावरून भांडण नको.

टायर चढवणारा माणूस मात्र नीट निवडा. रिमला प्लास्टिकचे संरक्षक लावणारं मशीन हवं, लोखंडी पट्ट्यांनी टायर उपसणाऱ्याकडे अलॉयला ओरखडे ठरलेले. साइडवॉलवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेने आहे ना, दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग झालं ना, चेनचा सैलपणा कंपनीच्या मापात आहे ना, हे उभं राहून बघा. पुढच्या चाकाला काटकोनी व्हॉल्व्ह बसवून घ्या. साध्या व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची नळी लावायला गेलं की डिस्क आडवी येते आणि हवा भरण्याऐवजी निघून जाते. टायर उतरलेलाच असतो, त्यामुळे हे काम तेव्हाच स्वस्तात होतं.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा असं सगळेच सांगतात, पण हायवेवरचे दीडशे किलोमीटर फक्त मधला पट्टा घासतात. कडा कोऱ्याच्या कोऱ्या राहतात आणि त्या पहिल्यांदा रस्त्याला टेकणार कुठे, तर पावसातल्या घाटात. म्हणून निघण्याआधी उघडीप बघून कात्रजच्या जुन्या घाटात पहाटे चकरा मारल्या. दर फेरीला थोडी जास्त झुकवत. कडेपर्यंतचं रबर खरखरीत दिसायला लागलं तेव्हा बॅगा बांधल्या.

पुणे ते कोल्हापूर यावर लिहिण्यासारखं फार नाही. रुंदीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, उड्डाणपुलाखालचा चिखल. निपाणीला हायवे सोडला आणि उत्तूर, आजरा या रस्त्याला लागलो तेव्हा खरा प्रवास सुरू झाला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर किलोभर बॅगेत टाका, वासानेच जेवण होतं.

आंबोलीच्या अलीकडे धुकं इतकं दाट झालं की समोरच्या एसटीचे लाल दिवेच फक्त दिसत होते. घाट उतरताना टायरचा कस लागला. पाऊस बारीक पण सततचा, रस्ता काळाभोर, वरून झऱ्यांचं पाणी आडवं वाहतंय. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक वळणाआधीच संपवून, गाडी हळूहळू झुकवत गेलो. टायर थंडच होता, तरी रस्त्याची खबर हातापर्यंत येत होती. पाण्याच्या पाटातून जाताना हँडल क्षणभर हलकं व्हायचं आणि पुन्हा धरायचं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, एकदाच बोललं, तेही धबधब्यापाशी सेल्फीवाला अचानक रस्त्यात आला म्हणून.

पण कुठलाही टायर जिथे हात टेकतो अशा जागा या मार्गावर भरपूर आहेत. वळणाआधीचे जाड पांढरे पट्टे ओले झाले की काचेइतके निसरडे होतात, गाडी त्यांच्यावर सरळ असू द्या. कठड्यालगत सावलीतल्या डांबरावर हिरवट शेवाळ असतं, म्हणून वळणाची अगदी बाहेरची कड टाळा. ट्रकमधून सांडलेल्या डिझेलचे इंद्रधनुषी डाग चढाच्या वळणांवर हमखास. सावंतवाडीच्या बाजूला चिरेखाणीच्या गाड्या तांबडी माती रस्त्यावर आणून टाकतात. पहिल्या सरीत तिचं लोणी होतं, मोठ्या पावसात ती धुऊन जाते. म्हणजे मुसळधार पावसापेक्षा भुरभुर जास्त वाईट.

आमच्याबरोबरच्या एकाने घाट सुरू होण्याआधी टायरमधली हवा कमी करायचा सल्ला दिला. पावसात पकड वाढते म्हणे. हा सल्ला वाळूत ठीक आहे. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं: हवा कमी असली की टायरच्या खाचा मिटतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. कंपनीने सांगितलेली हवा, म्हणजे माझ्या गाडीला पुढे २२५ आणि मागे २५० किलोपास्कल, पीएसआयमध्ये साधारण ३३ आणि ३६, तीच ठेवली. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, खिशातला स्वतःचा गेज ठेवा.

बांद्यापासून पुढे पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलो. गोव्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. म्हापशाच्या बाजारात ओले रेनकोट सांभाळत फिरलो आणि गावठी पाव खाल्ला, एवढं पुरे.

परतताना सावंतवाडी, कुडाळ, कणकवली असा मुंबई–गोवा महामार्ग पकडला. सिंधुदुर्गातला हा पट्टा काँक्रीटचा चौपदरी, सुरेख आहे. काँक्रीटवर पाणी निचरण्यासाठी आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, त्यावर टायर गुणगुणतो. बेअरिंग गेलं की काय असं वाटून थांबू नका. पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्यांवर मात्र ब्रेक लावायचा नाही आणि लेनही बदलायची नाही.

कणकवलीहून फोंडा घाट चढलो. आंबोलीपेक्षा गर्दी कमी, वळणं मोकळी, मला हाच घाट जास्त आवडला. दाजीपूरचं जंगल संपताना मागची बाजू जड वाटायला लागली, वळणात गाडी रेंगाळायला लागली. थांबून चाक फिरवलं तर खाचेत खिळ्याचं चकचकीत डोकं. पक्कड घेऊन खिळा उपसला आणि हवा सुसाट सुटली. ट्यूबलेसचं किट काढलं. पोलादी पट्ट्याच्या टायरमध्ये कानस घुसवताना जोर लागतो. आत तारा करकरतात आणि त्या नीट घासल्या नाहीत तर नंतर भोक बुजवणारी दोरीच कापतात. दहा-बारा वेळा आतबाहेर केलं, चिकट दोरी सुईत ओवली, सोल्युशन लावून दाबली आणि सुई झटक्यात मागे ओढली. वर अर्धा सेंटिमीटर शेपूट ठेवून बाकीची कापून टाकली. भोकावर थुंकी लावून बुडबुडा येत नाही हे बघितलं, छोट्या इलेक्ट्रिक पंपाने हवा भरली. राधानगरीपर्यंत सावकाश, तिथे पुन्हा हवा मोजली, काटा तिथेच. तरी पुण्यापर्यंत ऐंशीच्या वर गेलो नाही, आणि घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा बसणारं छत्रीसारखं ठिगळ, मारून घेतला. मधल्या पट्ट्यात पंक्चर असेल तरच हे करा. खांद्याला, म्हणजे टायरच्या कडेला, किंवा साइडवॉलला भोक पडलं तर टायर बदलायचा, दुसरा इलाज नाही.

या मार्गाने जाणाऱ्यांनी पंक्चरचं किट आणि पंप बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवावा. गावातले पंक्चरवाले ट्यूबलेसची दोरी मारून देतात, पण एवढं मोठं मागचं चाक उतरवायला पाना आणि स्टँड त्यांच्याकडे बहुधा नसतो, आणि मोठ्या गाडीला हात लावायला ते कचरतात. आजऱ्यात आणि कणकवलीत टाकी भरून घ्या. आंबोली शनिवार-रविवारी टाळा, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि उतारावर क्लच धरून हात भरून येतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणाकडे जाणारा कुठलाच घाट मोकळा मिळत नाही, तेव्हा जुलै किंवा ऑगस्टच्या सुरुवातीचा मधला वार धरा. घाट दरडीमुळे बंद असू शकतो, म्हणून निपाणीला चहा घेताना समोरून आलेल्या ट्रकवाल्याला विचारा. मोबाइलवरच्या नकाशापेक्षा त्याची माहिती ताजी असते.