बाचीच्या पुढची रेघ

शनिवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

दुपारी शिनोळीला जाऊन आलो, पुतण्या गाडीवर मागे. कर्नाटकातली बाची सुटली, महाराष्ट्रातली शिनोळी आली आणि मध्येच कुठेतरी राज्य बदललं. कळलं ते पाट्यांवरून. शेतात कळायचं काही कारणच नव्हतं. तोच चिखल, तीच भातलावण. चहाच्या टपरीसमोर केए २२ आणि एमएच ०९ शेजारी शेजारी भिजत उभ्या.

चहा पिता पिता पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या नागार्जुनाच्या हिशेबानं सगळं शून्यच, तर परीक्षेचा फॉर्म तरी कशाला भरायचा?" फॉर्म अजून भरलेला नाही, हे मला असं कळलं.

तिथे धड उत्तर सुचलं नाही. नागार्जुन म्हणजे शून्यता मांडणारा प्राचीन बौद्ध तत्त्वज्ञ. खरं तर हा आरोप त्याने स्वतःच विरोधकाच्या तोंडी घातलाय. त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाचं चोविसावं प्रकरण या आरोपानेच उघडतं: सगळं शून्य असेल तर उत्पत्ती नाही, नाश नाही, चार आर्यसत्यंही गेली. मग नागार्जुन हा आरोप उलटवतो. दुःखाला स्वतःचा, कशावरही न टेकलेला स्वभाव असता, तर ते कधी संपलं असतं का? मग मार्ग तरी कशाला चालायचा? आणि अठराव्या कारिकेत सरळच सांगतो, जो प्रतीत्यसमुत्पाद त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. कशाच्या तरी आधाराने असणं. नसणं नव्हे. आपल्याला शून्य म्हटलं की गणिताच्या पेपरावरचा भोपळा दिसतो, तिथेच घोटाळा.

ही सीमाच घ्या. १९५६ पर्यंत शिनोळीचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. कायदा, नकाशा, पाट्या, कचेऱ्या काढून घेतल्या तर रेघ म्हणून हाताला काही लागत नाही. पण ती नाहीच, असं आमच्या आईला सांगून बघावं. जमिनीच्या उताऱ्यावरचं स्वतःचं नाव तिला वाचता येत नाही, कन्नडात आहे म्हणून. आणि रेघ स्वभावानेच तिथली असती, तर सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून महाराष्ट्राचा दावा तरी कशावर पडून राहिला असता?

नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती चोराचा दाखला देतो. दोघे साक्ष देतात, "यानेच चोरी केली." एकाने डोळ्यांनी पाहिलंय, दुसरा नुसता वैरापोटी बोलतो. वाक्य एकच, पण खरा साक्षीदार पहिलाच. काहीच नाही म्हणणारा उच्छेदवादी आणि नागार्जुनाच्या वाटेचा माध्यमिक यांच्यात तेवढं अंतर. मला हा दाखला पुरत नाही. पाहणाऱ्याच्या वागण्यात पुढे काय फरक पडतो, ते त्यातून कळत नाही.

ते मला माझ्याच घरात कळलं, आणि चांगल्या अर्थाने नाही. वडिलांच्या मागे माग विकला तेव्हा महिनाभर मी ज्याला त्याला "सगळं शून्य" ऐकवत होतो. भारी वाटायचं. त्याच महिन्यात कांड्या भरणाऱ्या मावशींची मजुरी द्यायची राहिली, आणि ती राहिलीच. चुकीचा धरलेला साप धरणाऱ्यालाच डसतो, हे त्याच चोविसाव्या प्रकरणात आहे. मी तेव्हाही वाचलं होतं, खाली पेन्सिलीने रेघ मारून.

मावशी वडगावातच असतात. उद्या रविवार, घरी सापडतील.