बस, बाजार आणि 400 मीटर: गोव्यातल्या शहरांच्या मध्यभागातून

म्हापसा बघायचं तर शुक्रवारी सकाळी बघावं. कदंब बसस्थानकावर उतरलं की पाचेक मिनिटांत आपण बाजारात असतो: मयड्याची केळी, हरमलची मिरची, मातीची भांडी, सॉसेजच्या माळा. पावसाळ्याआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की इथे पाऊल ठेवायला जागा नसते.

वाढत्या छोट्या शहराची आखणी करणाऱ्यांनी इथे आधी स्थानक ते बाजार हे अंतर चालून पाहावं. पाच मिनिटं म्हणजे साधारण 400 मीटर. दोन्ही हातांत पिशव्या आणि डोक्यावर ऊन असताना माणूस याहून जास्त चालत नाही. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करतो, नाहीतर पुढच्या खेपेला येतच नाही.

मडगावात उलटं दिसतं. पालिकेची इमारत, बाग, गांधी मार्केट असा मध्यभाग देखणा आहे, पण कदंब स्थानक तिथून जवळपास 2 किलोमीटर उत्तरेला. त्यामुळे लोकांना मध्येच वाहन बदलावं लागतं आणि बागेच्या कडेला बसगाड्यांची रांग लागते. स्थानक बाहेर गेलं तरी बाजाराला येणारा माणूस मध्येच उतरणार! लांब पल्ल्याच्या गाड्या खुशाल बाहेर न्याव्यात. गावोगावच्या गाड्या बाजाराजवळच हव्यात. त्यांना जागा किती लागेल हे गाडी किती वेळ उभी राहते त्यावर ठरतं. तासाला 30 गाड्या येत असतील आणि प्रत्येक गाडी 10 मिनिटं थांबत असेल तर 5 फलाट पुरतात. तीच गाडी अर्धा तास उभी राहिली तर 15 लागतात. म्हणून प्रवाशांची चढउतार मध्यभागी आणि गाड्यांचा विसावा गावाबाहेर.

पणजी आणि म्हापसा, दोन्ही शहरं 2011च्या जनगणनेत 40 हजारांच्या आसपास होती. पणजीत 18 जून रस्त्याने चालताना काही इमारतींच्या पुढच्या भागाखालून छपराची वाट मिळते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात बाजाररस्त्याला याहून चांगली सोय नाही. पण नीट बघितलं की दोष दिसतो. एका इमारतीचा ओटा दोन पायऱ्या वर, शेजारचा रस्त्याच्या पातळीला, त्यापुढे जनरेटर. चार दुकानांनंतर माणूस कंटाळून रस्त्यावर उतरतो. तेव्हा बांधकाम परवान्यातच तीन गोष्टी लिहाव्यात: छपराखाली किमान 2.5 मीटर मोकळी रुंदी, रस्त्याच्या कडेपासून ठरलेली एकच पातळी (15 सेंटिमीटर पुरे), आणि पाणी बाहेर जाण्यापुरता 50ला 1 उतार.

तळमजल्याला दर 5–7 मीटरवर दुकानाचं दार हवं. आज नव्या इमारती स्टिल्टवर, म्हणजे तळमजला मोकळा सोडून खांबांवर, उभ्या राहतात आणि रस्त्याकडेला फक्त गाड्यांची अंधारी ओळ दिसते. संध्याकाळी तिथून कोण जाणार? पार्किंग मागे असावं, पुढचे निदान 6 मीटर दुकानांना.

पार्किंगचा हिशेबही सरळ आहे. रस्त्याला समांतर लावलेली चारचाकी 6 मीटर कड खाते, आडवी लावलेली दुचाकी 1 मीटर. म्हणजे 100 मीटरच्या कडेला 16 मोटारी नाहीतर 100 दुचाक्या. गोव्यात दुचाकी घरोघरी आहे. तरी मोक्याची कड आपण मोटारींना देतो, याचं वाईट वाटतं.

आता पाणी. पणजीचा बराचसा भाग दलदलीवर भर घालून वसवलेला आहे, आणि मांडवीच्या भरतीच्या वेळीच जोरदार पाऊस आला की गटारातलं पाणी नदीत उतरत नाही, रस्त्यावर साचतं. गटार नुसतं रुंद करून हे सुटत नाही. तोंडाशी एका बाजूनेच उघडणारी झडप हवी, शिवाय भरती ओसरेपर्यंत पाणी थांबायला मोकळी जागा हवी. खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातली, मानस (पाण्याचं दार) पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहे: भरतीचा दाब आला की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. मात्र दारात प्लॅस्टिक अडकलं की ते मिटत नाही, म्हणून त्याआधी जाळी आणि पावसाळ्यात रोज सफाई. शहराच्या मध्यभागाजवळचं तळं किंवा सखल मैदान बुजवायला कुणी निघालं तर पालिकेने तिथे ठाम नाही म्हणावं.

फरशी सर्वांत शेवटी बसवावी. आधी सर्वांत खोल जाणारी मलवाहिनी, मग पावसाचं गटार, मग नळ, मग तारांच्या नळ्या. चौकात दोन नळ्या रिकाम्या सोडाव्यात, म्हणजे पुढची तार रस्ता न फोडता जाते. खोदाई ऑक्टोबरात सुरू करून मेच्या मध्यापर्यंत भराव दाबून झालाच पाहिजे. माती थरांथरांत न दाबता एकदम लोटली, तर पहिल्या पावसात रस्ता नेमका चरावरच खचतो. तेवढ्या मुदतीत संपूर्ण बाजार होत नसेल, तर एका वेळी एकच गल्ली घ्यावी.