सेव्हियामध्ये तापास: एकाच ठिकाणी पोट भरू नये

गेल्या ऑक्टोबरात मी, माझे पती आणि माझी आई असे आम्ही तिघे स्पेनच्या दक्षिणेकडील सेव्हिया शहरात चार रात्री मुक्कामाला होतो. माद्रिदहून आव्हे या वेगवान रेल्वेने अडीच तासांत सांता हुस्ता स्थानकावर पोहोचता येते. १९९२ साली स्पेनमधला हा पहिलाच वेगवान मार्ग सुरू झाला तो याच दोन शहरांमध्ये. आम्ही दोघे मांस-मासे खातो, आई मात्र अंडेही खात नाही, शिवाय तिचे गुडघे दुखरे असल्यामुळे तिला फार वेळ उभे राहता येत नाही. मागाहून जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात अशीच विभागणी असते, म्हणून तिथल्या तापास बारांत, म्हणजे बशी-बशीने पदार्थ मिळणाऱ्या ठिकाणी, खाताना जे कामी आले आणि जिथे चुकलो, ते दोन्ही लिहून ठेवत आहे.

चूक पहिल्याच संध्याकाळी झाली. भूक लागली म्हणून आम्ही साडेसहाला बाहेर पडलो, तेव्हा कॅथीड्रलच्या आसपास पदार्थांचे फोटो लावलेली एक-दोन उपाहारगृहे सोडल्यास कुठेच जेवण मिळत नव्हते. त्यांतल्या एका ठिकाणी आईसाठी साल्मोरेहो मागवले. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्हचे तेल एकत्र घोटून केलेले हे गार आणि दाट सार मूळचे कोर्दोबाचे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे आम्ही आवर्जून सांगितले होते, तरीही वाडगा समोर आला तेव्हा वर उकडलेले अंडे आणि हामोनचे, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे पेरलेले होते. आईने काही न बोलता वाडगा बाजूला सरकवला आणि पावावर ती संध्याकाळ काढली. मला त्या रात्री फार वाईट वाटले.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे, इथे दुपारचे जेवण साधारण दीड ते चार आणि रात्रीचे साडेआठनंतर असते. मधल्या काळात बार उघडे असले तरी बहुतेकांची स्वयंपाकघरे बंद असतात. आमचा दिनक्रम नंतर असा ठरला की, दुपारचे जेवण मुख्य धरायचे, संध्याकाळी खोलीवर विश्रांती घ्यायची आणि साडेआठच्या ठोक्याला, गर्दी होण्याआधी, बारमध्ये शिरायचे. दुसरी गोष्ट अशी की, इथे ‘कार्ने’ म्हटले की पुष्कळांना ताजे मांसच अभिप्रेत असते आणि हामोन किंवा टूना मासा त्यात धरला जात नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो’ अशी मांस, हामोन, मासे आणि अंडे यांची चारही नावे घ्यावीत. आम्ही ती कागदावर लिहून पुढे करत होतो आणि त्यानंतर एकदाही घोटाळा झाला नाही.

तापा म्हणजे बशीभर पदार्थ, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी थाळी आणि रासिओन म्हणजे पूर्ण थाळी. ग्रानादामध्ये पेयाबरोबर तापा फुकट मिळतो, सेव्हियात तसे नाही. आम्हाला एकेक तापा साधारण ३ ते ५ युरोंना पडला. काही ठिकाणी बाहेरच्या टेबलावर तोच पदार्थ महाग असतो, किंवा तिथे तापा मिळतच नाही, निदान मेदिया रासिओन घ्यावी लागते, त्यामुळे बसण्याआधी दरफलक पाहावा. पाव आणि पिकोस नावाच्या कुरकुरीत कांड्या न मागता येतात आणि बऱ्याचदा त्यांचे पैसे लागतात. साधे पिण्याचे पाणी मात्र २०२२ च्या कायद्याप्रमाणे फुकट द्यावे लागते. ‘आग्वा देल ग्रीफो’ असे म्हणून मागावे. माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला असा की, एका ठिकाणी बसून पाच पदार्थ मागवू नयेत. प्रत्येक बारचा नावाजलेला एखाद-दुसरा पदार्थ असतो, तो खाऊन पुढच्या बारकडे चालू लागावे. सेव्हियाचे लोकही असेच जेवतात.

सांता कातालिना चर्चजवळचे एल रिंकोन्सियो हे शहरातले सर्वांत जुने बार १६७० पासूनचे असल्याचे सांगतात. छतापासून हामोनच्या तंगड्या टांगलेल्या, भिंतीला जुन्या बाटल्यांची कपाटे आणि मध्ये वापरून काळसर झालेला लाकडी कट्टा. तुम्ही जे मागाल त्याची किंमत वाढपी तुमच्यासमोर कट्ट्यावरच खडूने लिहितो, निघताना बेरीज करतो आणि पैसे दिले की ओल्या फडक्याने ती पुसून टाकतो. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, अर्थात पालक आणि काबुली चणे. ताटली पुढे आली तेव्हा आधी जिऱ्याचा वास आला, आणि आईने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पालक शिजून अगदी मऊ झालेला, त्याला तळलेल्या पावाचा आणि लसणाचा दाटपणा, वरून लाल पाप्रिका आणि शेवटी व्हिनेगरचा हलका आंबटपणा. आपल्या पालकाच्या पातळ भाजीशी याचे नाते इतके जवळचे वाटले की आईने लगेच दुसरी ताटली मागवायला लावली. हा पदार्थ मुळात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातला, मांस वर्ज्य असतानाचा, म्हणून बहुधा शाकाहारीच असतो. तरी कुठे रश्शात मांसाचा अर्क नाही ना, ते विचारून घ्यावे. आम्ही दोघांनी इथे खारवलेल्या बकालाव माशाच्या पाव्हियास, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कांड्या, खाल्ल्या आणि त्याही उत्तम होत्या.

सांता क्रूस वस्तीच्या तोंडाशी असलेल्या बोदेगा सांता क्रूसला दारातल्या खांबांमुळे सगळे ‘लास कोलुम्नास’ म्हणतात. इथे बेरेन्हेनास कोन मिएल घ्यावे. नावात मध असला तरी आंदालुसियात तळलेल्या वांग्यावर बहुतेकदा मिएल दे कान्या घालतात, आणि ती म्हणजे चक्क आपली काकवी. तळलेल्या वांग्यावर काकवी हे ऐकायला विचित्र वाटते, पण गरम काप, मीठ आणि गडद गोडवा यांचा मेळ अप्रतिम जमतो. ज्या तेलात मासे तळले त्याच तेलातले ज्यांना चालत नसेल, त्यांनी मात्र आधी विचारावे, कारण तेल वेगळे असेलच असे नाही. मांसाहारींसाठी इथला मोंतादितो दे प्रिंगा आहे: चण्यांच्या रश्शात तासन्‌तास शिजलेले डुकराचे मांस आणि सॉसेज घोटून छोट्या गरम पावात भरतात. जागा मिळणे कठीण, म्हणून आईला आम्ही दुपारी एकच्या सुमारास नेले, तेव्हा बाहेरचे एक उंच स्टूल मिळाले. तिथून जवळच गार्सिया दे व्हिनुएसा रस्त्यावर १८५० पासूनचे कासा मोरालेस आहे. मागच्या दालनातले माणसाहून उंच मातीचे रांजण पाहण्यासाठी तरी आत जावे.

सान लोरेन्सो भागातले एस्लाव्हा मात्र जुन्या पद्धतीचे नाही. भूछत्रांच्या केकवर मंद शिजवलेले अंडे, आणि ‘बेकेरसाठी सिगार’ या नावाची, सेपिया माशाने भरलेली काळसर सुरळी, हे त्यांचे बक्षीस मिळवलेले तापास आहेत. बेकेर हा १८३६ साली याच शहरात जन्मलेला कवी. शाकाहारी माणसाला इथे फारसे काही नाही, म्हणून त्या रात्री आईला आधी जेवू घालून आम्ही दोघेच गेलो. बारसाठी आरक्षण घेत नाहीत, तेव्हा उघडण्याआधी पंधरा मिनिटे दारात हजर राहावे.

नदीपलीकडचे त्रियाना ही कुंभारांची आणि रंगीत फरशा घडवणाऱ्यांची जुनी वस्ती. १८५२ साली पूर्ण झालेला लोखंडी पूल ओलांडला की उजव्या हाताला त्रियानाचा बाजार लागतो. ज्या सान होर्हे किल्ल्यात धर्मन्यायालयाचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, कामकाज चालत असे, त्याच्या अवशेषांवर हा बाजार उभा आहे. इथे सकाळी जावे, कारण दुपारनंतर भाजी-मासळीचे गाळे आवरते घेतात. पुढच्या गल्लीतल्या लास गोलोन्द्रिनासमध्ये भाजलेली अळंबी लसणाच्या सॉसबरोबर मिळतात. सॉसमध्ये अंडे असू शकते, म्हणून आईसाठी आम्ही सॉसशिवाय मागवली.

पेयांमध्ये बिअरचा लहान ग्लास म्हणजे कान्या. इथली क्रुसकाम्पो १९०४ पासूनची. माझी शिफारस मात्र मांसानियाची आहे. नदीच्या मुखाशी असलेल्या सानलुकारची ही कोरडी, किंचित खारट वाइन तळलेल्या माशांबरोबर फार शोभते. याच शब्दाचा अर्थ कॅमोमाइलचा काढा असाही होतो, त्यामुळे ‘ऊना कोपा दे मांसानिया’ असे स्पष्ट म्हणावे.

आईची सगळ्यांत निर्धास्त न्याहारी म्हणजे भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचे तेल, किंवा गरम चुरोस, ज्यांना इथे ‘कालेन्तितोस’ म्हणतात. त्यांत पीठ, पाणी आणि मीठ एवढेच असते. मांतेकादो आणि पोल्व्होरोन ही नानकटाईसारखी दिसणारी मिठाई मात्र शाकाहारींनी भेट म्हणूनही उचलू नये, कारण ती पारंपरिक रीतीने डुकराच्या चरबीत करतात.

अंडे चालत असेल तर सान लेआंद्रोच्या मठात जाऊन बलक आणि साखरेच्या येमास जरूर घ्याव्यात. तिथल्या जोगिणी लोकांसमोर येत नाहीत. भिंतीत लाकडी फिरते कपाट असते. ‘आव्हे मारिया पुरीसिमा’ म्हणायचे, आतून ‘सिन पेकादो कोन्सेबिदा’ असे उत्तर येते, पैसे फळीवर ठेवायचे, कपाट फिरते आणि डबा समोर येतो. सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि सकाळीच जावे. अनेक बार रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात, आणि ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात पुष्कळ मालक महिनाभर कुलूप लावतात, म्हणून मुक्काम ठरवतानाच वार आणि महिना पाहून घ्यावा.